गोदामातील जुनी बुलेट : इंजिन खोलण्याआधी हिशेब, बांधण्याआधी मोजमाप

आपल्या भागात बऱ्याच व्यापारी घराण्यांच्या गोदामात किंवा पडवीत एखादी जुनी मोटारसायकल धूळ खात उभी असते. वडिलांनी किंवा चुलत्यांनी हौसेने घेतलेली असते, तिच्यावर वसुली केलेली असते, गावोगाव माल दाखवलेला असतो. मग ते जातात, गाडी बंद पडते आणि एक दिवस भंगारवाला दारात येऊन किलोचा भाव सांगतो. अशा वेळी गाडी द्यावी की दुरुस्त करावी? दुरुस्त करायची तर इंजिनाचे काम कसे करून घ्यावे? हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, हिशेबाचाही आहे. म्हणून व्यापाराच्या पानावर त्याविषयी लिहीत आहे. मी मिस्त्री नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. परंतु एकच इंजिन दोनदा बांधून घेतल्यामुळे जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

मालेगावात आमच्या गोदामाच्या मागे अब्बांची १९६८ सालची ३५० सी.सी. बुलेट सतरा वर्षे उभी होती. अब्बा तिच्यावरून साच्यांवर ग्रे कापड पाहायला जात. ते गेल्यानंतर कोणी तिला किक मारली नाही. भाईजान म्हणत, "लोखंड आहे, लोखंडाच्या भावात देऊन टाक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला?" मी म्हणत होतो, दुरुस्त करू. शेवटी खर्च मी सोसायचा आणि ठरलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घालायचा नाही, या अटीवर भाईजान कबूल झाले. याच अटीने पुढे घात केला.

ही गाडी आहे तरी काय?

बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची. १९५५ साली या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी करून मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी काढली आणि पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात संपूर्ण गाडी तयार होऊ लागली. इंग्लंडातील मूळ कंपनी बंद पडली, पण आपल्याकडील कारखाना चालू राहिला. बिडाच्या सिलिंडरचे हे इंजिन किरकोळ फेरफारांसह २०१० च्या सुमारापर्यंत बनत होते. याचा व्यवहारी अर्थ असा की, साठ वर्षांपूर्वीच्या गाडीलाही लागणारे बरेच भाग आजही बाजारात मिळतात. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या तर बहुतेक यादी पुरी होते. दुसऱ्या अनेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही सोय नाही. म्हणून पहिला नियम असा की, काम हाती घेण्याआधी भाग मिळतात का ते पाहा.

या इंजिनात एकच सिलिंडर. नळीचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनचा फेरा ९० मि.मी., म्हणून ३४६ सी.सी. इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत नसून क्रँककेसच्या मागच्या कप्प्यातच असते. तेथून एक पंप तेल क्रँककडे ढकलतो आणि दुसरा पंप खाली साचलेले तेल परत कप्प्यात आणतो. ही दोन पंपांची व्यवस्था ज्याला समजली, त्याला हे इंजिन अर्धे समजले. मला ती समजली नव्हती.

पहिल्या वेळी काय चुकले?

मी तीन मिस्त्रींकडून भाव घेतले आणि सर्वात कमी भाव सांगणाऱ्याला काम दिले. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढूनही, स्वस्त मालात पोत पाहावा लागतो हे मी विसरलो. मिस्त्रीने ठोक रकमेत काम घेतले होते. त्यामुळे जे दिसत होते तेवढे त्याने केले : सिलिंडर बोरिंगला पाठवला, नवा पिस्टन घातला, व्हॉल्व्ह घासले, पॅकिंग बदलले. क्रँककेस खोललीच नाही. "खालचे काम ठीक आहे शेठ," तो म्हणाला. मलाही तेच ऐकायचे होते.

गाडी सुरू झाली. तो जुना आवाज ऐकून शेजारचे म्हातारे जॉबर बाहेर आले. परंतु दोनशे किलोमीटर व्हायच्या आतच मनमाडहून परतताना इंजिन खडखडले आणि मागचे चाक जाम झाले. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. टेम्पोत घालून गाडी घरी आणली. भाईजान एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

कारण काय निघाले?

दुसऱ्या उस्तादांनी माझ्यासमोर इंजिन पूर्ण खोलले. सतरा वर्षे उभ्या गाडीतील तेलाचा डांबरासारखा गाळ झाला होता. तो फिल्टरच्या कप्प्यात आणि तेलाच्या वाटेत घट्ट बसला होता. वरचा पिस्टन नवा होता, पण खाली कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकापर्यंत तेल जेमतेम पोहोचत होते. तेथील बुश तापून निळे पडले होते. शिवाय पिस्टन आणि नळी यांच्यामध्ये जेवढी फट हवी तेवढी नव्हती, कारण बोरिंगवाल्याने आधी नळी कापली आणि पिस्टन नंतर आणला गेला. म्हणजे कापड बेतले आणि मग माप घेतले!

योग्य क्रम असा असावा

१) जाम इंजिनावर जोर करू नका. प्लग काढून नळीत डिझेल किंवा रॉकेल आणि थोडे इंजिन ऑईल सोडा व काही दिवस तसेच राहू द्या. नंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हलकेच पुढेमागे करा. किकवर उभे राहून जोर केला तर गंजलेल्या रिंगा तुटतात आणि नळीला ओरखडे पडतात.

२) खोलण्याआधी बाहेरून स्वच्छ धुवा. आमच्या गाडीच्या पंखांमध्ये कापसाचे तंतू आणि तेल यांचा थर बसला होता. हे इंजिन हवेने थंड होते, पंख बुजले की ते तापणारच. खोलताना प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून चिठ्ठी लावा. ऑईल पंप फिरवणारा वर्म उलट्या आट्यांचा असतो. हे माहीत नसलेला माणूस सरळ जोर लावून तो मोडतो.

३) क्रँककेस खोलाच. गाडी दहा-वीस वर्षे उभी असेल तर या बाबतीत तडजोड नको. दोन्ही अर्धे भाग, तेलाच्या सर्व वाटा आणि फिल्टरचा कप्पा रॉकेलने धुवून हवेच्या दाबाने साफ करावेत. बेअरिंगमध्ये गंजाचे ठिपके दिसले तर ती बदलावीत. टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात तेल शिरते. तेथील लहानसे सील झिजलेले असेल तर तेल क्रँकमध्ये न जाता बाहेरच निसटते. अगदी थोड्या पैशांची वस्तू आहे, पण तिच्या अभावी सारा क्रँक जातो.

४) मोठे टोक तपासा. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली खेचा. वर-खाली ढिलाई जाणवता कामा नये. आडवी थोडी हालचाल मात्र असतेच, तिला घाबरू नये. जुन्या बुलेटमध्ये येथे मोकळे फिरणारे बुश असते. बदलायचे झाल्यास क्रँक उघडून पुन्हा जोडावा लागतो आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाही हे डायल गेज लावून पाहावे लागते. हे काम हातोडी आणि नजर यांच्या भरवशावर करणाऱ्याकडे देऊ नये.

५) आधी पिस्टन, मग बोरिंग. नळी वर, मध्ये आणि खाली, तसेच समोरून आणि आडवी अशी सहा ठिकाणी मोजावी. झीज सगळीकडे सारखी नसते. रिबोर लागत असेल तर पुढच्या मापाचा पिस्टन आधी आणून मायक्रोमीटरने मोजावा आणि पिस्टनबरोबर सांगितलेली फट ठेवून त्याच पिस्टनसाठी नळी कापून घ्यावी. रिंग नळीत सरळ बसवून तिच्या दोन तोंडांमधील अंतर फीलर गेजने पाहावे. या मापाच्या नळीत ते साधारण ०.३ मि.मी. असावे. अंतर फारच कमी असेल तर रिंग तापून फुगते आणि नळीत अडकते.

६) हेडची परीक्षा रॉकेलने घ्या. व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवल्यावर हेड उलटे धरून खोलगट भागात रॉकेल ओता. काही मिनिटांत पोर्टमधून ओल दिसली तर काम अपुरे आहे. व्हॉल्व्ह गाइडमध्ये डुलत असेल तर नुसते घासून उपयोग नाही, गाइड बदला.

७) जोडताना खुणा जुळवा. टायमिंगच्या दातेरी चाकांवर ठिपके असतात, ते समोरासमोर यायला हवेत. हेडचे नट एकाच वेळी पूर्ण न आवळता आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळावेत. इंजिन थंड असताना, पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर असताना, टॅपेट असे ठेवावेत की पुशरॉड बोटांनी फिरेल पण वर-खाली हलणार नाही. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवावी.

८) पहिल्या किकआधी तेल. कप्प्यात २०-५० चे तेल भरून फिल्टरच्या कप्प्यातही ओतावे. इंजिन सुरू झाल्याबरोबर रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल येते का ते पाहावे. तेल दिसले नाही तर तत्काळ इंजिन बंद करावे. ही एका मिनिटाची परीक्षा पहिल्या वेळी झाली असती, तर मनमाड रस्त्यावरचा प्रसंग टळला असता.

पहिले पाचशे किलोमीटर गाडी पन्नास-साठच्या वर नेऊ नये, चढावर गिअर न बदलता ओढू नये आणि पाचशेला तेल बदलावे. दोन-चार वेळा इंजिन तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा पाहावेत.

आजच्या काळातील आणखी एक गोष्ट. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि बुचाचे वायसर यांना ते सोसत नाही, शिवाय ते ओलावा शोषते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि सीले नवीन घालावीत. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे.

पैशाचा हिशेब कसा मांडावा?

ठोक सौदा करू नये, हा माझा मुख्य सल्ला. बंद इंजिनाचा ठोक भाव सांगणारा मिस्त्री एकतर नुकसानीत जातो किंवा काम वाचवतो. बहुतेक वेळा दुसरेच घडते, आणि त्यात दोष भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाचाही असतो. खर्चाचे चार रकाने करा : सुटे भाग, बोरिंग-लेथ-क्रँकचे काम, मिस्त्रीची मजुरी आणि इंजिन खोलल्यावर जे निघेल ते. चौथ्या रकान्यासाठी पहिल्या तिघांच्या बेरजेचा निदान चौथा हिस्सा बाजूला ठेवावा. तेवढी ऐपत आज नसेल तर गाडी झाकून ठेवावी, अर्धवट खोलू नये. खोलून पडलेले इंजिन हे बंद इंजिनापेक्षा वाईट, कारण भाग हरवतात.

मजुरी टप्प्याटप्प्याने द्यावी : खोलून मोजमाप लिहून दिल्यावर, क्रँक तयार झाल्यावर आणि गाडी चालल्यावर. काढलेले जुने भाग परत मागावेत. अविश्वासापोटी नव्हे, तर नवा भाग जुन्याशेजारी ठेवून ताडता यावा म्हणून. बाजारात नकली भाग पुष्कळ आहेत. खोक्यावरील छाप न पाहता व्हर्नियर लावून घ्यावे.

कागदपत्रे विसरू नका

क्रँककेस फुटली म्हणून भंगार बाजारातून दुसरी आणून बसवण्याचा मोह होतो. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो आणि तो आर.सी. बुकाशी जुळावा लागतो. तेव्हा शक्यतो मूळ केसच चांगल्या कारागिराकडून वेल्ड करून घ्यावी आणि नंबर घासला जाणार नाही याची काळजी घ्यावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी असून नोंदणी दहा वर्षे चालते. परंतु अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून गाडी वापरायची की जपायची हे आधी ठरवावे.

शेवटी नफा की तोटा?

दोन्ही वेळचा खर्च मिळवला तर माझा व्यवहार तोट्याचा आहे. पहिल्याच वेळी योग्य कामाला योग्य पैसा दिला असता, तर बरोबरीत सुटलो असतो. 'सस्ता रोये बार बार' हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो, स्वतःला ऐकवायला एक जळालेले बुश लागले.

पण एक गोष्ट खतावणीत मांडता येत नाही. दुसऱ्या वेळी गाडी तयार झाली तेव्हा भाईजान गोदामात आले. अँमीटरचा काटा पाहत, डीकॉम्प्रेसर दाबून, अब्बांनी शिकवली होती तशी त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. रॉकरच्या नळीपाशी तेल आल्याचे त्यांनी आधी पाहिले आणि मगच ते गादीवर बसले. त्यानंतर भंगाराच्या भावाचा विषय आमच्या घरात निघालेला नाही.