माशांचा सूक्ष्म वैरी

एखाद्या संथ डोहात ट्राउट माशाचे पिलू आपल्याच शेपटीच्या मागे लागल्याप्रमाणे गरगर फिरताना दिसले, तर तो त्याचा बालसुलभ खेळ असावा, असे आपल्याला वाटेल. परंतु तो बहुधा खेळ नसतो. एक अतिसूक्ष्म परोपजीवी त्याच्या कवटीतील व कण्यातील कोवळी कूर्चा खात असतो. त्यामुळे पिलाचा तोल जातो, कणा वाकतो, शेपटी काळवंडते आणि पुष्कळदा त्याचा अंत होतो.

या रोगाचे वर्णन ब्रुनो होफर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०३ साली केले. त्याला कारण होणाऱ्या जीवाचे नाव मिक्सोबोलस सेरेब्रालिस. त्याचा बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. युरोपातील मूळच्या तपकिरी ट्राउटला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. उभयतांचा सहवास फार जुना आहे. उत्तर अमेरिकेतून तेथे नेलेल्या इंद्रधनुषी ट्राउटला मात्र हा शत्रू सर्वस्वी अपरिचित होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात हा जीव अमेरिकेतही आढळला. १९९० नंतरच्या दशकात मॉन्टाना राज्यातील मॅडिसन नदीत इंद्रधनुषी ट्राउटांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली, तेव्हा या रोगाचे गांभीर्य सर्वांच्या ध्यानी आले.

हा रोग पसरतो कसा, हे कोडे मात्र दीर्घकाळ सुटले नव्हते. रोगी माशातील ताजे बीजाणू निरोगी माशाला खाऊ घातले, तर त्याला काही होत नसे. तेच बीजाणू काही महिने गाळात मुरले, की रोग उद्भवे. गाळात असे काय घडत होते? १९८४ साली केन वुल्फ आणि मारिया मार्किव्ह या अमेरिकन संशोधकांनी याचा उलगडा केला. गाळात ट्युबिफेक्स नावाचा, गांडुळाचा भाऊबंद शोभणारा, बारीक किडा राहतो. घरच्या काचपेटीत मासे पाळणाऱ्यांना तो खाद्य म्हणून ठाऊक असेल. तो बीजाणू गिळतो, आणि त्याच्या आतड्यात परोपजीवी निराळेच रूप धारण करतो. या नव्या रूपाला तीन लांब शेपट्या असतात. ते पाण्यात तरंगते आणि माशाचा स्पर्श होताच त्याच्या त्वचेत शिरते. ही दोन रूपे इतकी भिन्न की, शास्त्रज्ञ तोवर त्यांना प्राण्यांचे दोन स्वतंत्र वर्ग समजत होते!

याहून मोठे आश्चर्य त्याच्या कुळाचे. मिक्सोझोआ नावाच्या या समूहात आज २००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांची गणना पूर्वी एकपेशीय जीवांत होत असे. परंतु त्यांच्या बीजाणूत लहान कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत एक धागा गुंडाळलेला असतो. माशाशी गाठ पडताच तो बाणासारखा बाहेर सुटतो. जेलीफिशच्या डंखाचीही अशीच रचना असते. हे साम्य योगायोगाचे नव्हे. २०१५ साली यांच्या जनुकांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हे जीव जेलीफिश व पोवळी यांचेच आप्त आहेत, या मताला बळकट आधार मिळाला. परोपजीवी वृत्ती पत्करल्यावर त्यांनी तोंड, आतडे, मज्जातंतू सारे टाकून दिले. राखली ती केवळ डंखाची कुपी. सॅमन माशाच्या मांसात राहणाऱ्या हेनेगुया नावाच्या एका जातीने तर याहून पुढची मजल गाठली. पेशींत प्राणवायूच्या साहाय्याने शक्ती निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांचा जनुकसंचच तिच्यात नाही, असे २०२० साली आढळून आले. असा प्राणी त्यापूर्वी कोणालाही आढळला नव्हता.

वाचकहो, उत्क्रांती म्हणजे साध्याकडून गुंतागुंतीकडे चढत जाणारा जिना, अशी आपली समजूत असते. हे जीव त्याच जिन्यावरून खाली उतरले, आणि तरीही तगले, नव्हे फोफावले. निसर्गाला उच्चनीच ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ती केवळ निर्वाहाची सोय.

भोवरी रोग माणसाला होत नाही, ही समाधानाची गोष्ट. तथापि आपल्याकडील रोहू, कटला व मृगळ यांच्या कल्ल्यांवरही याच समूहातील इतर जातींच्या पांढऱ्या गाठी आढळतात. म्हणून मत्स्यपालकाने परगावची पिल्ले पारखून घ्यावीत, आणि दोन हंगामांच्या मध्यंतरी तळ्यातील गाळ काढून तळ उन्हात वाळवावा व त्यावर चुना टाकावा. माशाचा वैरी आपण माशातच शोधत राहतो. त्याचे अर्धे आयुष्य मात्र पायाखालच्या चिखलात सरत असते.