डोमेनमध्ये सामील न होणारे संगणक

विभागातील एखादा संगणक सर्व्हरच्या डोमेनमध्ये सामील होईनासा झाला, की सामायिक संग्रहातील ध्वनिमुद्रणे संशोधकास दुरावतात, आणि दोष सर्व्हरच्या माथी मारला जातो. वस्तुतः पुष्कळदा हा दोष नामनिर्देशाचा असतो. विंडोज २००० बरोबर आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत डोमेन-नियंत्रक कोठे आहे, हे संगणक डीएनएसला विचारतो. त्याच्या जोडणीत राउटरचा किंवा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा डीएनएस नोंदलेला असेल, तर त्या परक्या कोशात आपल्या अंतर्गत डोमेनची नोंदच सापडत नाही. सर्व्हरच्या अंकी पत्त्यावर केलेल्या ‘पिंग’ला उत्तर येते, यावरून वाट मोकळी आहे एवढेच सिद्ध होते, नाव ठाऊक आहे, असे नव्हे. यास्तव प्रथम ‘एनएसलुकअप’ने डोमेनचे नाव व त्याच्या एसआरव्ही नोंदी तपासाव्यात. पर्यायी डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता देण्याचा मोहही टाळावा.

नाव सापडूनही नकार आला, तर घड्याळ पाहावे. कर्बेरॉस पद्धतीस मूळ मांडणीत ५ मिनिटांहून अधिक तफावत खपत नाही, आणि मदरबोर्डवरील सेल संपलेली जुनी यंत्रे तर वर्षानुवर्षे मागे जातात. जुन्याच नावाने पुन्हा जोडताना येणारा नकार निराळा: ते खाते दुसऱ्याने निर्मिलेले असल्यास, ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणेपासून मायक्रोसॉफ्टने त्याचा पुनर्वापर सामान्यतः रोखला आहे. तेथे संगणकास नवे नाव द्यावे.