आधी षड्ज, मग मोड

गिटार शिकणाऱ्याला मोड बहुधा असे शिकवले जातात: सी मेजरचे सात स्वर घ्या, डीपासून डीपर्यंत वाजवा, झाला डोरियन, ईपासून ईपर्यंत वाजवा, झाला फ्रिजियन. व्याख्या बरोबरच आहे. तरी महिनोन्‌महिने बोटं फिरवूनही अनेकांना फरक ऐकू येत नाही, कारण कान सीलाच षड्ज धरून बसलेला असतो.

मोडचा रंग ठरतो तो बाकीच्या स्वरांच्या षड्जाशी असलेल्या नात्यावर. म्हणून षड्ज सतत कानावर हवा. आपल्याकडे तानपुरा हेच काम करतो, आणि गिटारवरही त्याची सोय आहे. सर्वांत जाड, सहावी ई तार अंगठ्याने मोकळी छेडत राहा, तो सा. सर्वांत बारीक तारही ईचीच. तेवढ्या एका तारेवर स्वर शोधा: मोकळी तार सा, दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी, बाराव्यावर वरचा सा. हा आयोनियन, म्हणजे बिलावल थाट.

आता एका वेळी एकच स्वर बदला. नी अकराव्याऐवजी दहाव्या फ्रेटवर घेतला की मिक्सोलिडियन, आपला खमाज. त्यात ग तिसऱ्यावर आणला की डोरियन, काफी. मग ध आठव्यावर: एओलियन, आसावरी. शेवटी रे पहिल्यावर: फ्रिजियन, भैरवी. पुन्हा बिलावलवर येऊन म सहाव्या फ्रेटवर चढवला की लिडियन, म्हणजे कल्याण. उरला लोक्रियन. त्यात पंचमच एक फ्रेट उतरतो, आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहाही थाटांत पंचम असल्याने तिथे त्याला जोड नाही. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे. काफीचे सात स्वर ओळीने वाजवून काफी राग उभा राहत नाही. त्याला चलन लागतं.

सर्वांत जास्त गल्लत होते ती डोरियन आणि एओलियनची. दोन्हींत गंधार आणि निषाद कोमल, दोन्ही ऐकायला ‘मायनर’. फरक एका धैवताचा. ई मायनर कॉर्डनंतर ए मेजर वाजवा: ए मेजरमधला सी शार्प हा शुद्ध धैवत, आणि तो येताच मायनरच्या उदासीत उजेड शिरतो. ए मेजरऐवजी ए मायनर घ्या, की धैवत कोमल होतो आणि तो उजेड जातो. सांतानाच्या १९७०च्या ‘ओये कोमो वा’मध्ये ए मायनर आणि डी या कॉर्डची हीच डोरियन जोडी गाणंभर फिरते.

दुसरं ऐकायचं ते माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’, १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं. सोळा बार डी डोरियन, मग आठ बार अर्धा स्वर वर ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ बार डी. मोड तोच राहतो, षड्ज सरकतो. तो सरकल्याचा क्षण न मोजता ओळखता आला, तर कान तयार होत आहे असं खुशाल समजा.

आणि एक मनापासून सांगणं: प्रत्येक स्वर वाजवण्याआधी गाऊन पाहा. गळा कसा आहे याची चिंता नको. सातही मोड एकदम घेऊ नका. या आठवड्यात फक्त डोरियन घ्या, आणि त्यातला धैवत शोधा.