सूक्ष्मजीव : उपकारक की अपकारक? (खोपोली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना
सूक्ष्मजीव म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम रोग उभा राहतो. वस्तुतः एकच सूक्ष्मजीव एका ठिकाणी निरुपद्रवी वा उपकारक, तर दुसऱ्या ठिकाणी घातक ठरू शकतो. बोरघाटाच्या पायथ्याशी, पाताळगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या खोपोली परिसरात भातशेती व कारखानदारी एकमेकींना लागून असल्याने याचा प्रत्यय तेथे सहज येतो.

आरोग्य
लेप्टोस्पायरा हा मळसूत्राकार जीवाणू उंदराच्या मूत्रपिंडात वास करतो. उंदराला त्याचा सहसा उपद्रव होत नाही. मूत्रावाटे तो खाचरातील चिखलात मिसळतो आणि पायांच्या भेगा वा जखमांतून मानवी शरीरात शिरतो. ताप, पोटऱ्यांतील तीव्र वेदना व लाल डोळे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उपचारास विलंब झाल्यास मूत्रपिंड, यकृत व फुफ्फुसे बाधित होऊन मृत्यूही ओढवतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची साथ उद्भवली होती. त्यावर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातील औषध असून या गटाचा उगमही मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंत आहे.

शेती
भाताच्या कापणीनंतर त्याच खाचरात जमिनीतील ओलाव्यावर वाल घेतला जातो. वालाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटातील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात व मोबदल्यात वनस्पतीकडून शर्करा मिळवितात. गाठ कापल्यास आतील भाग गुलाबी दिसणे, हे ती कार्यक्षम असल्याचे लक्षण होय. पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियमचे संवर्धन चोळून ते सावलीत सुकविल्यास रासायनिक नत्रखताची गरज कमी होते.

उद्योग व नदी
कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सेंद्रिय घाण खाऊन टाकण्याचे काम जीवाणूच करतात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून टाकीत यंत्राद्वारे सतत हवा सोडावी लागते. सन १९१४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी ही पद्धत मांडली. यंत्र बंद ठेवल्यास हे जीवाणू गुदमरतात. प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत सोडल्यास घाण खाण्याचे तेच काम जीवाणू नदीत करतात. परंतु तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपुष्टात येऊन मासे मरतात.

निष्कर्ष
सूक्ष्मजीवाचे कार्य बदलत नाही. ते कोठे घडते, यावर त्याचे फळ अवलंबून असते. ही जागा राखणे माणसाच्या हाती आहे. उंदरांचे नियंत्रण, चिखलात उतरताना जखमांची काळजी, लावणीच्या दिवसांतील ताप अंगावर न काढता त्वरित वैद्यकीय तपासणी, बियाण्यास जीवाणूप्रक्रिया आणि सांडपाणी केंद्राचे अखंड कार्य, हे उपाय साधे असले तरी त्यांवरच शेतकऱ्याचे प्राण आणि पाताळगंगेचे आरोग्य अवलंबून आहे.