चीवर, उतरण आणि आजचा कपडा

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाचा एक प्रसंग आला आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, दुकान थाटणार की काय, असा राजाला संशय आला व त्याने आनंदांनाच विचारले. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही वाटू. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतील. ते विरले की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही संपली की ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली.

वस्त्रोद्योगातील तज्ज्ञ आज ज्याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात ती याहून फारशी वेगळी नाही. एकदा तयार झालेले कापड शक्य तितका काळ वापरात ठेवायचे, एवढाच तिचा अर्थ.

परंतु जुना कपडा म्हटला की आपल्या समाजाला दुसरीही आठवण होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. गावगाड्यात उतरण आणि मढ्यावरचे कापड आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आले ते याच व्यवस्थेतून. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत या ग्रंथाचे दहन झाले. त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची रीत सोडा. कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या. भिक्खूने आपखुशीने पांसुकूल चीवर धारण करणे आणि कोणावर उतरण लादणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणून जुने कपडे वापरा असा उपदेश कोणी करू लागला, तर तो कोणाला केला जात आहे हे आम्ही आधी पाहतो.

खरे तर हा उपदेश आधी ऐकायला हवा तो भरमसाट कपडे विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी खर्ची पडते असा अंदाज आहे. इतके करून तयार झालेला माल दोन-चारदा अंगावर चढतो आणि फेकला जातो. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात अशा कपड्यांचे डोंगर साचले आहेत. फ्रान्सला तर न विकलेले कपडे नष्ट करू नयेत म्हणून २०२० मध्ये कायदा करावा लागला!

आपल्या देशात हरियाणातील पानिपत हे जुन्या कपड्यांचे मोठे केंद्र आहे. परदेशांतून गठ्ठे येतात. बटणे, चेन काढून कपडे रंगांनुसार वेगळे करतात, यंत्रात पिंजून त्यांचे तंतू करतात व त्यांपासून सूत काढून घोंगड्या विणतात. रंग आधीच निवडलेला असल्याने बरेचसे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. त्यामुळे पाणी व रसायने वाचतात. मात्र पिंजताना तंतू आखूड होतो, म्हणून सूत जाडेभरडेच निघते. कापूस व पॉलिएस्टर एकत्र असले तर ते वेगळे करणे आणखी कठीण. जगातील जुन्या कपड्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत जातो, तो यामुळेच. शिवाय पिंजताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते. हा खर्च कोणाच्याच खातेवहीत नावे पडत नाही.

ऊर्जेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. छपरावरच्या सौर पट्ट्यांवर यंत्रमाग चालू शकतो. पण रंगाई व धुलाईला वाफ लागते आणि बॉयलरमध्ये बहुधा दगडी कोळसा किंवा लाकूडच जळते. तेथे सौर उष्णता किंवा विजेवर चालणारे उष्णता-पंप बसवावे लागतील. छोट्या कारखानदाराला तो खर्च कर्जाशिवाय झेपणारा नाही. स्वस्तात स्वस्त माल मागणाऱ्या बड्या कंपन्यांनी त्याचा भार उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांनी कपडा घेताना आतली चिठ्ठी वाचून तो शक्यतो एकाच धाग्याचा घ्यावा. मंडळासाठी कपडे जमवताना मात्र धुतलेले, धड आणि आपण स्वतः घालू असेच कपडे घ्यावेत. तुटलेली बटणे आधी लावावीत. फाटके असतील ते गोधडीसाठी बाजूला काढावेत.