बाण बंद, भटकंती सुरू!

एक छोटीशी परीक्षा घेऊ. डोळे मिटा आणि सांगा : एरँगलमध्ये पोचिंकीत उतरलात आणि हाताला धड बंदूकच लागली नाही, तर स्कूल गाठायला कुठल्या दिशेला पळाल? मिलिटरी बेसच्या बेटावरून बाहेर पडायला पूल किती? जॉर्जोपोलमध्ये ते कंटेनर कुठे रचून ठेवलेत?

आता दुसरा पेपर. मागच्या महिन्यात मोबाइलवर रस्ता लावून ज्या मित्राच्या नव्या फ्लॅटवर गेला होतात, तिथे आज फोन खिशातच ठेवून पोहोचाल?

पहिल्या पेपरात बीजीएमआय खेळणारे बहुतेक जण पैकीच्या पैकी मार्क घेतील. दुसऱ्यात भल्याभल्यांची दांडी गुल होईल. गंमत बघा, जे गाव जगात कुठेच नाही त्याची गल्ली न् गल्ली पाठ आणि ज्या रस्त्यावरून स्वतः गाडी चालवत गेलो, तो आठवत नाही. ‘सगळा त्या मोबाइलचा दोष’ असं म्हणून घरचे मोकळे होतील. पण नकाशे तर दोन्ही मोबाइलवरच होते! फरक एवढाच, की एका नकाशाने तुम्हाला बोट धरून नेलं आणि दुसऱ्याने पॅराशूट देऊन अक्षरशः वाऱ्यावर सोडलं.

गेममधली जी जगं वर्षानुवर्षं डोक्यात घर करून राहतात, ती बरीचशी या दुसऱ्या जातीची असतात. आज त्यांच्यातच जरा फिरून येऊ.

मरत मरत पाठ झालेलं बेट

एरँगल हे आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद. त्याचा भूगोल आपल्याला कुणी शिकवला नाही. सर्कल आत बोलावतं, पण कुठल्या वाटेने यायचं ते सांगत नाही. पुलावरून गेलात तर कुणीतरी दबा धरून बसलेलं असणार, हे एकदा मेल्यावर कळतं. डोंगराच्या कुठल्या कडेवरून खालची शेतं दिसतात, हे तीनदा मेल्यावर कळतं. मग मित्राला ‘अरे, त्या पिवळ्या घरामागच्या झाडापाशी ये’ असं नुसत्या शब्दांत सांगता येऊ लागतं. रस्ता शब्दांत सांगता आला, की ती जागा तुमची झाली म्हणून समजा.

तुमच्या मोठ्या भावाला किंवा काकाला विचारा, त्याचं एरँगल म्हणजे ‘व्हाइस सिटी’. २००२ सालचा गेम, मायामीवर बेतलेलं शहर, कथेचं साल १९८६. सुरुवातीला वादळाचा इशारा देऊन पूल बंद ठेवलेले, त्यामुळे पलीकडचं बेट नुसतं लांबून बघायचं. ते पूल उघडेपर्यंत अलीकडचा समुद्रकिनारा, हॉटेलं आणि गल्ल्या पाठ व्हायच्या. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून कित्येक पोरांनी मिशनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘पॅन्झर’ टाइप करून रणगाडा मागवायचा आणि शहरभर हिंडायचं, बस्स!

त्यानंतर २००४ मध्ये आलेल्या ‘सॅन अँड्रियास’ची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. तीन शहरं, मध्ये वाळवंट, शेतं आणि माउंट चिलियाडचा डोंगर. सगळं अवाढव्य वाटायचं. २०२१ मध्ये त्याची नवी, चकचकीत आवृत्ती आली. जुन्या गेममध्ये लांबचं सगळं धुक्यात विरून जायचं, ते धुकंच या आवृत्तीत नाहीसं झालं. चिलियाडच्या माथ्यावरून बघितलं तर पलीकडची शहरं स्पष्ट समोर! खेळणाऱ्यांचा विरसच झाला. ज्या जगात बालपण हरवलं होतं, ते एवढंसंच होतं होय? पुढे एका अपडेटमधून जुन्यासारखं वातावरण परत आणण्याची सोय द्यावी लागली. जग मोठं वाटतं ते त्यात काहीतरी न दिसणारं शिल्लक असतं म्हणून.

रस्ता विचारत जा

२००२ मध्येच ‘मॉरोविंड’ नावाचा गेम आला. त्यात कामगिरी मिळाली की नकाशावर खूण उमटत नसे. समोरचं पात्र सांगायचं, की पुलापर्यंत जा, मग उत्तरेला वळ, दोन टेकड्यांमधून वाट जाते. ते डायरीत नोंदलं जायचं आणि मग शोधा! अगदी आपल्याकडे गावात पत्ता सांगतात तसं, ‘पिंपळापाशी डावीकडं घ्या आणि कुणालाबी विचारा’. याच मालिकेतला पुढचा गेम ‘ऑब्लिव्हियन’ २००६ मध्ये आला. त्यात वर होकायंत्राची पट्टी आणि त्यावर कुठे जायचं त्याची खूण होती. सोय झाली, यात वादच नाही. पण तेव्हापासून खेळणाऱ्याची नजर डोंगरावरून त्या पट्टीवर सरकली.

पुढे हेच बहुतेक गेममध्ये झालं. कोपऱ्यात गोल मिनीमॅप, त्यात पिवळी रेघ. लाखो तास खर्चून कलाकारांनी शहर उभं करायचं आणि आपण कोपऱ्यातल्या रुपयाएवढ्या चकतीकडे बघत त्यातून धावायचं!

हे बनवणाऱ्यांच्याही लक्षात आलं. निन्टेन्डोच्या २०१७ मधल्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये उंच मनोऱ्यावर चढलं की त्या भागाचा नकाशा उघडतो, पण त्यावर नुसते डोंगर, नद्या आणि रस्ते. कुठे काय दडलंय, ते मनोऱ्यावरून चारही बाजूंना बघून तुम्हीच हेरायचं आणि रंगीत पिना स्वतः लावायच्या. डोंगरही असे रचलेत, की वळसा घातला की मागे लपलेलं काहीतरी पुढे यावं. मग एका पिनेकडे निघालेले तुम्ही वाटेत चार ठिकाणी थांबता. या गेमचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योतोचे. अंतरांचा अंदाज यावा म्हणून त्यांनी आपल्या शहराचा नकाशाच गेमच्या नकाशावर ठेवून पाहिला होता. पायाखालचं शहर माहीत असलं, की कल्पनेतल्या जगालाही माप सापडतं!

ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट’ त्याहून खट्याळ. नव्या भागात शिरलात की नकाशाच नसतो. अंधारात चाचपडताना जमिनीवर कागद विखुरलेले दिसतात, कुणीतरी गुणगुणत असल्याचं ऐकू येतं. त्या आवाजाच्या मागाने गेलात की कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा किडा भेटतो. तो नकाशा विकतो, तोही अर्धवट. पुढचा भाग भरायला लेखणी वेगळी विकत घ्यायची आणि नवी नोंद व्हायची ती बाकड्यावर जाऊन बसल्यावर. ‘मी आत्ता कुठे आहे’ हे नकाशावर दिसायलाही वेगळं ताईत वापरावं लागतं. सुरुवातीला वैताग येतो, खोटं कशाला बोला? पण दहा तासांनी तो सगळा पाताळलोक तळहातासारखा पाठ असतो.

‘एल्डन रिंग’ (२०२२) खेळणाऱ्यांना सियोफ्रा नदीची लिफ्ट आठवत असेल. जंगलातल्या एका पडक्या वास्तूत शिरायचं, लिफ्टवर उभं राहायचं आणि ती खाली जातच राहते, जातच राहते. शेवटी जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेलं आभाळ! तिथे बाणाने नेऊन सोडलं असतं, तर तोंडाचा आ झाला असता का?

खेळाडूंनी उभी केलेली कमान

बाण काढून टाकला तर त्या जागी काय ठेवायचं, याचं फार सुंदर उत्तर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने २०२० मध्ये दिलं : वारा. जिथे जायचं तिकडे वारा वाहू लागतो, गवत त्या दिशेला झुकतं. वाट विचारायची तर झाडापानांकडे बघायचं.

हे बेट खरं आहे, जपानमधलं. गेमची कथा आहे १२७४ च्या मंगोल आक्रमणाची. गेम आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खऱ्या त्सुशिमातल्या एका देवस्थानाची तोरी, म्हणजे प्रवेशाची कमान, वादळात कोसळली. ती पुन्हा उभारण्यासाठी लोकवर्गणी सुरू झाली, तेव्हा गेम खेळलेल्यांनीही हात सैल सोडला. हव्या असलेल्या रकमेच्या कित्येक पट पैसे जमले. २०२१ मध्ये त्सुशिमाने गेमच्या दोन दिग्दर्शकांना आपले पर्यटनदूत केलं. ज्या बेटावर कधी पाऊल ठेवलं नाही, त्याच्या कमानीसाठी खिशात हात घालावासा वाटणं, ही ताकद नुसत्या ग्राफिक्सची नव्हे. त्या वाऱ्यामागे हिंडताना ते बेट कधीतरी आपलं झालेलं असतं.

सह्याद्री आणि मुंबईसुद्धा

आपल्या ओळखीची भूमीही या जगांत आहे बरं का. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) मध्ये क्लोई आणि नदीन जीप घेऊन पश्चिम घाटात शिरतात. तिथला खेळ मोकळा आहे. मनोऱ्यावरून परिसर बघायचा आणि मग क्लोई हातातल्या कागदी नकाशावर पेनाने खुणा करते. बघून झालेली जागा खोडायची, नवी दिसली की लिहायची. होयसळ काळातल्या बेलूर-हळेबीडूची नावं त्यात येतात. खरी बेलूर-हळेबीडू कर्नाटकात हासन जिल्ह्यात आहेत आणि गेमवाल्यांनी भूगोल सोयीने ताणलाय. पण पावसाळी हिरवा डोंगर आणि लाल चिखल बघून ट्रेकवाल्यांचे पाय शिवशिवल्याशिवाय राहणार नाहीत.

‘हिटमॅन २’ (२०१८) मध्ये तर मुंबईच आहे. चाळी, झोपडपट्टी, कपडे धुण्याची जागा, रेल्वे यार्ड, सिनेमाचं शूटिंग. तिथल्या तीन सावजांपैकी एक वझीर काळे. त्याचा चेहराच कुणाला माहीत नाही. दोघांवर खूण असते, याच्यावर नसते. मग गर्दीत फिरा, लोकांचं बोलणं ऐका, माग काढा. मुंबईत माणूस शोधायची रीत हीच की!

वाकड्या गल्ल्यांचा फायदा

हे सगळं नुसतं गेमपुरतं आहे, असं वाटत असेल तर एक संशोधन ऐका. २०१६ मध्ये ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा मोबाइल गेम संशोधनासाठीच तयार केला गेला. त्यात आधी नकाशा दाखवायचे, मग तो काढून घ्यायचे आणि आठवणीवर होडी हाकायची. ३८ देशांतल्या सुमारे चार लाख लोकांच्या खेळाचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. शहराबाहेर वाढलेले लोक वाट शोधण्यात सरस निघाले. शहरांमध्येही शिकागोसारख्या सरळ, चौकटी आखलेल्या शहरात वाढलेल्यांपेक्षा प्राग शहरासारख्या वाकड्यातिकड्या रस्त्यांत वाढलेले पुढे होते.

गेम खेळल्याने दिशांचं ज्ञान वाढतं, असा याचा अर्थ नाही. पण लहानपणी ज्या जागेत वाट शोधावी लागली, तिची छाप मोठेपणीही राहते, एवढं यातून दिसतं. पेठेतले बोळ, गावातल्या पाणंदी, चाळींमधल्या शॉर्टकटच्या वाटा यांनी आपल्याला न मागता हा क्लास दिला. आज मात्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातानाही आपण निळ्या ठिपक्याकडे बघतो. मग तो क्लास सुटतो.

बाण म्हणजे व्हिलन, असं मुळीच नाही. कॉलेज, क्लास, नोकरी करून रात्री तासभर हातात असेल, तर दीड तास गुहेचं तोंड शोधत बसणं परवडत नाही. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला कुणी ‘जरा हरवून बघा’ म्हणणार नाही. पण जिथे घाई नाही, तिथेही बाण लावायची सवय लागली, की जग नुसतं लोडिंग स्क्रीनसारखं मधल्या मधे निघून जातं.

म्हणून या शनिवारी एवढंच करा. जो गेम खेळताय त्याच्या सेटिंगमध्ये जा. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ असेल तर रडार बंद करा. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ असेल तर खुणांऐवजी शब्दांत माग देणारा एक्सप्लोरेशन मोड निवडा. ‘माइनक्राफ्ट’ असेल तर कोऑर्डिनेट न बघता घरापासून लांब जा आणि मशाली लावत परत या. एक वही जवळ ठेवा, वेडावाकडा का होईना, नकाशा स्वतः काढा. पहिला तासभर चुकाल, चिडाल. मग कुठलातरी डोंगर ओळखीचा वाटेल आणि त्याला तुम्ही तुमचंच एखादं नाव द्याल.

आणि रविवारी? मित्राचा तो नवा फ्लॅट आहेच. फोन खिशात. चुकलात तर कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारा. चहाही होईल.