खडकवासल्याकाठी धावण्याच्या वाटा

पुण्याच्या नैर्ऋत्येला, स्वारगेटपासून सोळा-सतरा किलोमीटरवर, खडकवासला धरणाने मुठा नदी अडवली आहे. भिंतीमागचा जलाशय लांबट, अरुंद आणि वेडावाकडा आहे. त्याच्या दक्षिणेला सिंहगडाची रांग, उत्तरेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा म्हणजे एनडीएचा परिसर, तर पश्चिमेला पानशेतकडचे डोंगर आहेत. शहरातली वाहने आणि सिग्नल टाळून लांब पल्ल्याचा सराव करू पाहणारे धावपटू इकडे येतात. तळे म्हटले की त्याला प्रदक्षिणा घालावी असे वाटते. पण खडकवासल्याला काठाकाठाने प्रदक्षिणा होत नाही. इथे बहुतेक वेळा गेल्या वाटेनेच परतावे लागते. असे का, हे समजायला आधी धरण पाहावे लागते.

भिंत, पाणी आणि काठ

धरणाचे काम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७९ मध्ये संपले. शेतीला कालव्याने आणि पुणे-खडकीच्या वस्तीला पिण्यासाठी पाणी देणे हा त्याचा हेतू होता. धरणाशी निगडित असलेल्या कर्नल फाइफ या लष्करी अभियंत्याच्या नावावरून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये प्रथम याच धरणावर बसवले गेले. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुढे दोन्ही धरणे नव्याने उभी राहिली. शहराला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याची भिंत सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याने ती पळायला किंवा फिरायला खुली नाही. उत्तरेकडचा काठ एनडीएच्या लष्करी हद्दीत येतो. प्रदक्षिणेचे दोन महत्त्वाचे तुकडे असे मुळातच वजा होतात.

तिसरे कारण पाण्याच्या पातळीत आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातला खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी. वरच्या तीन धरणांचे पाणी इथे उतरते आणि इथून कालव्यात व शहराकडे जाते. साठा लहान आणि ये-जा मोठी असल्याने पातळी भरभर वर-खाली होते. पावसाळ्यात तळे काठोकाठ भरते आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटून गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात. अशा जमिनीवर काही ठिकाणी गाळपेर पिकेही घेतात. वर कोरडी दिसणारी ही माती खाली ओली असू शकते आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. जिथे काठच वर्षभर जागा बदलतो, तिथे पाण्यालगत पक्की पायवाट टिकत नाही. इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयाभोवती सुमारे ३७ किलोमीटरची सलग वाट आहे. खडकवासल्याला मात्र धावायचे ते पूर्ण भरलेल्या पातळीच्या वर असलेल्या गावरस्त्यांवरून.

रस्ता सपाट का नाही?

पाणी समपातळीत राहते, मग त्याच्या काठचा रस्ताही सपाट असेल असा समज होतो. प्रत्यक्षात उलटे घडते. साठलेले पाणी प्रत्येक ओढ्याच्या खोबणीत आत शिरते आणि डोंगराच्या प्रत्येक सोंडेला वळसा घालते. रस्ता बांधताना एवढी वळणे घेणे परवडत नाही. त्यामुळे तो सोंडेवर चढतो, पलीकडे उतरतो, ओढा मोरीने किंवा पुलाने ओलांडतो आणि पुन्हा चढू लागतो. एकेक चढ छोटाच, पण वीस किलोमीटरांत त्यांची बेरीज पायांना जाणवते. म्हणून या रस्त्यावर ठरावीक वेग धरून ठेवण्यापेक्षा श्वासाचा अंदाज घेत पळणे सोयीचे ठरते. चढावर पावले लहान टाकावीत आणि उतारावर घाई करू नये.

तीन वाटा

पहिली वाट दक्षिण काठाची. धरणाजवळून निघालेला रस्ता गोऱ्हे बुद्रुकवरून डोणज्याला पोहोचतो. तिथे एक फाटा सिंहगडाकडे वळतो, तर पानशेतचा रस्ता खानापूर, मालखेड, सोनापूर, रुळे अशी गावे घेत पश्चिमेला जातो. पाणी कधी उजव्या हाताला अगदी जवळ येते, कधी शेतांआड जाते. नवख्याने डोणज्यापर्यंत जाऊन परतावे. अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने खानापूरच्या पुढे जाऊन, घड्याळातले अंतर पाहून वळावे. धरणापासून पानशेत वीस किलोमीटरांहून लांब आहे. तिथवर जाऊन परतणे म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनच्या आसपासचे अंतर. परतीसाठी वाहनाची सोय असल्याखेरीज एवढे दूर जाऊ नये.

दुसरी वाट उत्तरेकडची. एनडीएची हद्द सोडून कुडजे, आगळंबे, मांडवी अशा गावांवरून जाणारा हा रस्ता सांगरुणकडे जातो. टेमघरकडून येणारी मुठा, पानशेतची आंबी आणि वरसगावची मोसे या नद्यांचे पाणी याच परिसरात एकत्र येते. पर्यटकांची मुख्य वर्दळ दक्षिण काठावर असल्याने इकडे वाहने कमी लागतात. पण दुकानेही विरळ आहेत, त्यामुळे प्यायचे पाणी जवळ बाळगावे लागते. वस्तीजवळ पहाटे कुत्री अंगावर येतात. अशा वेळी पळणे थांबवून चालू लागणे हा सोपा उपाय असतो.

तिसरी वाट पाणी सोडून डोंगराकडे जाते. डोणज्याच्या फाट्यापुढे गोळेवाडीहून सिंहगडाचा घाट सुरू होतो. सुमारे नऊ किलोमीटरांत तो गडाच्या माथ्याशी, सुमारे १,३०० मीटर उंचीवर नेतो. म्हणजे दर शंभर मीटरला सहा-सात मीटर चढ. आतकरवाडीची पायवाट त्याहून खडी असून तीन किलोमीटरांच्या आतच जवळपास तेवढीच उंची गाठते. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या ‘एसआरटी अल्ट्रा’सारख्या डोंगरी शर्यतींची तयारी करणाऱ्यांना ही वाट उपयोगी पडते. चढताना दम लागतो, पण स्नायू खरे दुखावतात ते उतरताना. प्रत्येक पावलाला शरीराचे वजन अडवून धरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत चढ पळत आणि उतार चालत घेणे शहाणपणाचे ठरते.

वारा, ऊन आणि पाऊस

जायचे-यायचे मार्ग आखताना वाऱ्याची दिशा पाहावी लागते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून खोऱ्यात घुसतो. पानशेतच्या दिशेने जाताना तो समोरून लागतो, परतताना पाठीवर येतो. आधी वाऱ्याशी झगडून नंतर त्याची मदत घेणे, थकव्याच्या हिशेबाने हा क्रम चांगला. सूर्याचे मात्र उलट आहे. सकाळी जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना डोळ्यांवर येतो, म्हणून पुढे छज्जा असलेली टोपी उपयोगी पडते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत काठ हिरवा असतो. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला टेमघर-पानशेतकडे तो काही पटींनी जास्त असतो. त्यामुळे धरणाजवळ रिमझिम असताना पानशेतच्या रस्त्यावर मुसळधार सर गाठू शकते. सिंहगडाच्या घाटात दरडी येतात आणि रस्ता बंदही होतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. धरणातून विसर्ग सुरू झाला की धोका भिंतीच्या खालच्या बाजूला, मुठेच्या पात्रात आणि पात्रालगतच्या रस्त्यांवर असतो. पळून झाल्यावर जलाशयात उतरणे कोणत्याच ऋतूत सुरक्षित नाही. गाळ आणि अचानक वाढणारी खोली वरून कळत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ लांब पल्ल्यासाठी उत्तम. पहाटे खोऱ्यात थंड हवा साचते आणि पाण्यावर धुके असते. त्यामुळे परावर्तक पट्टी आणि दिवा हवाच. मार्चनंतर सकाळी आठच्या आत परतलेले बरे.

रस्त्यावरची शिस्त

भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून धावणाऱ्याने उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे पळावे. रस्ता कडेला उतरता असल्याने सतत एकाच बाजूने धावल्यास एक पाय सारखा खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणे सुरू होऊ शकते. रहदारी नसलेल्या तुकड्यात मधल्या सपाट भागात आल्याने तो ताण कमी होतो. शनिवार-रविवारी दिवस वर येताच धरणाच्या चौपाटीवर कणीस आणि कांदाभज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते आणि सिंहगड रस्ता वाहनांनी तुंबतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी उजाडताच पळायला लागून गर्दीआधी धरणाशी परत पोहोचेल असे अंतर निवडावे. जास्त लांबचा पल्ला आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ठेवावा.